मामाची छाती

दम्याचा अभिमान बाळगणारा माणूस उभ्या सातारा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझा धाकटा मामा आहे. माण तालुक्यातल्या त्याच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. मामाला मात्र छातीतली शिट्टी ऐकून भरतीच्या मैदानावरूनच परत पाठवलं. दुसरा खचला असता. मामानं त्या शिट्टीचाच मान वाढवला. आमच्या सांगलीच्या घरी आला की चहाच्या आधी तो आमच्या गाद्या गच्चीवर नेऊन काठीनं झोडपतो. "ह्यात बारीक किडं असत्यात. डोळ्यास्नी दिसत न्हाईत, पर माझ्या छातीला बरुबर कळत्यात." माझं लग्न कवठे महांकाळला झालं. वाजंत्री दारात वाजत होती आणि हा मांडवामागं, हाताला पिशवी गुंडाळून, गाजरगवत उपटत होता. सासऱ्यांनी विचारलं, "पाव्हणं, हे काय?" "दुश्मन काढतोय. तुमचं चालू द्या."

अशा माणसाला त्याच्या डॉक्टरबाईंनी एकदा विचारलं, "मामा, आमच्या संशोधनात भाग घ्याल?" अँटीबॉडी म्हणजे शरीराचे पहारेकरी, ॲलर्जीत ते साध्या धुळीलाच चोर समजून धावतात, हे त्यांनी समजावलं. रक्तात अँटीबॉडी सापडतात, पण फुप्फुसात वेगळ्या तयार होतात का, ते बघायचं होतं. त्यासाठी आत नळी घालून थोडं पाणी सोडायचं आणि परत ओढून घ्यायचं. "दम उसळू शकतो. आणि तुम्हाला स्वतःला फायदा काही नाही, हे आधीच सांगते." बऱ्याच जणांनी हे ऐकूनच नकार दिला होता.

मामी चिडली. "आवं, हाय तेवढा श्वास तरी सांभाळा की!"

"फौजेनं नको म्हटलेली छाती ही माणसं मागून घेत्यात," मामा म्हणाला. "मी न्हाई म्हणू व्हय?"

ठरल्या दिवशी नळी आत गेली आणि दम उसळलाच. आतली धावपळ ऐकून दाराबाहेर मामीनं माझं मनगट असं धरलं की वळ उठले. बऱ्याच वेळानं आम्हाला आत सोडलं, तेव्हा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून मामा डॉक्टरबाईंना विचारत होता, "घावलं का पाणी?"

"घावलं, मामा," त्या त्याच्याच बोलीत म्हणाल्या.

पुढं कळलं की मामाच्या रक्तात त्या अँटीबॉडी जेमतेम होत्या, फुप्फुसातल्या पाण्यात मात्र भरपूर; म्हणजे त्या तिथंच तयार होत होत्या. झालं! गावच्या हॉटेलात मामा उभा राहून, छातीवर थाप मारून सांगू लागला, "उसाचा कारखाना हंगामापुरता, गड्या. आमचा हितला बारमाही!" माणसं पोट धरून हसली. पण त्याच हसणाऱ्यांपैकी काही जण नंतर मामाच्या मागोमाग त्या दवाखान्यात नाव द्यायला गेले. माझा मामा आहे म्हणून सांगत नाही, पण नुसत्या बोलण्यानं माणसांची भीती घालवणारा असा गडी मी दुसरा पाहिला नाही.

यंदा मला सोबत नेऊन त्यानं पुन्हा नळी घालून घ्यायची तयारी दाखवली. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि मान हलवली. "आता हे तुमच्या छातीला सोसायचं नाही, मामा." तो सदऱ्याची बटणं लावत बाहेर आला. बाकावर, नळी घालून घ्यायला आलेली गावातली पारूमावशी पदराचं टोक पिळत आपल्या नंबराची वाट बघत होती. मामा तिच्याशेजारी जाऊन बसला. "भिऊ नगंस. खोकला आला तर खोक खुशाल. मी हाय हितं." तिला आत नेलं, दार लागलं, तरी तो बाहेर उभाच. ती हसत बाहेर आली, तेव्हाच त्याचा पाय हलला.

"चल, च्या घिऊ," तो मला म्हणाला, आणि जिना उतरताना आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं माझा हात धरला.