पुलाचं कडं

पोलिसाच्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण निवृत्तीनंतरही मनातून जात नाही ते एक लोखंडी कडं.

कोल्हापुरात नदीवर केबलांनी तोललेला नवा पूल होत होता. प्रत्येक केबलच्या बुडाशी दोन अर्धे तुकडे बोल्टने जोडून पिवळं, जड कडं बसवलेलं. त्यातलं एकच गेलं. ठेकेदाराने रखवालदारावर संशय घेऊन फिर्याद दिली. माझा राग नाकावर. मी रखवालदाराला सगळ्या मजुरांसमोर झापलं. तो एवढंच म्हणाला, "सायेब, चोर म्हणून नाव लागलं तर पोरीचं ठरलेलं लगीन मोडतंय की."

भंगारासाठी चोरणारा एकच कडं का नेईल? हा प्रश्न डोक्यातून जाईना. भंगारवाले तपासले, हाती काही नाही. मग नदीवर म्हशी धुणारा गवळी, माझा जुना खबऱ्या, हसला. "भंगारात काय हुडकताय? पैलवान पुलावरनं पळत्यात. परवा एकजण जाताना मोकळा हुता, येताना खांद्यावर पोतं."

तालमीत वस्ताद आडवे आले. "आमची पोरं दूध पित्यात, लोखंड न्हाय."

मी वाद घातला नाही. बसून बैठका बघत राहिलो. सगळ्यांची अंगं तांबड्या मातीने माखलेली. एकाच्या मानेवर मात्र पिवळा रंग.

"पैलवान, मान दावा बघू."

त्याने कडं आणून ठेवलं. बैठका मारताना गळ्यात घालायचं तालमीतलं दगडी कडं फुटलं होतं. "पान्याबिगर निघालं, सायेब. वाटलं, उरलेलं हाय. एवढ्यानं पूल पडतोय व्हय?"

पान्याबिगर! म्हणजे बोल्ट आवळलेच नव्हते. मी ठेकेदाराला गाठलं. "पंचनाम्यात हे येणारच. चूक लगेच दुरुस्त केली असंही यायला हवं असेल, तर आजच सगळे बोल्ट आवळा आणि मजुरांसमोर रखवालदाराची माफी मागा."

"त्याच्या घरी जाऊन मागतो की."

"न्हाय. हितंच."

त्याने मागितली. लग्नही झालं.

प्रशस्तिपत्र वरिष्ठांना मिळालं. त्यांनी तालमीचं तोंडही पाहिलं नव्हतं. तो राग अजून आहे. पण या प्रकरणाने शिकवलं ते वेगळंच. लग्नाची पत्रिका वस्तादांना गेली, गवळ्याला गेली, मला आली नाही. ठेकेदाराला माफी मागायला लावणारा मी, त्याच मजुरांसमोर स्वतः माफी न मागता गप्प उभा होतो. त्याची तक्रार कुठल्या ठाण्यात नोंदवू?