दूध उतू गेलं तर पुस्तक पास

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाहुण्यांसाठी घावन घालत होते. अलिबागला चष्म्याचा नंबर तपासायला गेलेला माणूस दुकानाच्या बाकावर बसल्या बसल्या गेला. मी तव्यावरचा घावन उलटला, काढला, गॅस बंद केला आणि मग यांना हाक मारली. भाऊजींना ते चाललं असतं. करपलेलं त्यांना खपायचं नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. मांडव्याला बोटीच्या तिकीटखिडकीत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर नागावला आमच्याकडे राहिले. वाडीतल्या खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. दुपारी जेवल्यावर ऊन उतरेपर्यंत काय करावं, हे या मंडळींना कळत नाही... भाऊजींनी ओटीवर पुस्तकांचं फडताळ मांडलं आणि त्या वेळात एकेकाला गाठायला सुरुवात केली. मुंग्या, बोगदे, घड्याळं, जुने खटले, त्यांना कुठल्याच विषयाचं वावडं नव्हतं. वाचताना मजा आली पाहिजे, एवढीच अट.

सुरुवातीला चुकले. आम्हाला मासळी देणाऱ्या पार्वतीला त्यांनी कौतुकाने समुद्रसफरीचं पुस्तक दिलं. ते पाटीतून परत आलं. "भाऊ, दर्या मी रोज बगतंय. ह्याच्यान खूनबीन काय न्हाय?" मग तिला मुडदे तपासणाऱ्या एका डॉक्टरच्या आठवणी दिल्या. वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करता करता पार्वती वाचत बसली आणि कावळ्यांनी निम्मे बोंबील पळवले. ती शिव्या घालत आली खरी, पण पुस्तक मागितलं तर देईना. संपायचं होतं.

त्या कावळ्यांवरून भाऊजींना परीक्षा सुचली. नवीन पुस्तक कोणाला सुचवण्याआधी ते माझ्याकडे यायचं. सकाळी दूध तापत ठेवायचं आणि ओट्याशी उभं राहून वाचायचं. दूध उतू गेलं तर पुस्तक पास. मला वाचनाची हौस नाही, म्हणूनच माझी निवड. "वहिनी, तुम्हाला जे धरून ठेवेल ते दगडालाही धरेल."

"आणि ओटा कोण पुसणार?"

"मी."

खरंच पुसायचे, तेही शीळ घालत. बोगद्यांचं पुस्तक असं पास झालं. एका थोर विचारवंताचं मात्र तीनदा नापास झालं. मी दर वेळी वेळेवर गॅस बंद केला, वर जांभई दिली.

शेवटचं पुस्तक जुन्या गाजलेल्या गाण्यांवरचं होतं. चाली कशा सुचल्या, कोणत्या खोलीत ध्वनिमुद्रण झालं, कोणाची सर्दी तबकडीवर कायमची राहून गेली... भाऊजी त्यावर बेहद्द खूश. मी म्हटलं, "गाणी ऐकायची असतात. वाचायची काय?" तर म्हणाले, "दूध ठेवा, मग बोला." सुट्टीची गर्दी होती, मी पुढे ढकललं. आणि मग तो फोन आला.

पंधरवड्यापूर्वी नेहमीच्या एक बाई राहायला आल्या. भाऊजींनी त्यांना फोनवर या पुस्तकाचं कबूल केलं होतं. "पास झालं का हो ते?" म्हणाल्या. मी सांगितलं, अजून परीक्षाच झालेली नाही. "मग घ्या की. मला उद्या दुपारची बोट आहे." आता भाऊजींचा शब्द. खाली कसा पडू द्यायचा? आणि तपासल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला काही दिलं नव्हतं, मग मी कसं देणार?

सकाळी दूध ठेवलं, पुस्तक उघडलं. काही पानांतच असं गाणं निघालं, जे मला सगळं पाठ होतं. पुस्तक मिटून मी गायलाच लागले. गाताना नजर कुठे असणार? पातेल्यावर. साय वर आली, मी गॅस बंद केला. थेंबही सांडला नाही. तोवर त्या बाई खोलीतून येऊन दुसऱ्या कडव्यापासून माझ्याबरोबर गाऊ लागल्या होत्या.

नियमाने नापास. भाऊजींनी नियमच चुकीचा म्हणून दिवसभर वाद घातला असता. बाई हसल्या. "राहू दे तुमच्याकडेच. निकाल लागला की कळवा," म्हणाल्या आणि बोगद्यांचं घेऊन गेल्या.

गाण्यांचं पुस्तक अजून फडताळात गेलेलं नाही, ओट्यावरच आहे. रोज सकाळी एखादं पान वाचते, गाणं निघतं, गॅस वेळेवर बंद होतो. उतू गेलं तर पुसायला आता मीच आहे.