ळ नसलेली कादंबरी

माझी पहिली कादंबरी माझ्याआधी पाच-सहा जणांनी वाचली होती आणि सगळ्यांना ती आवडली होती. मी स्वतः ती वाचली सर्वांत शेवटी, आणि मला ती ओळखूच आली नाही.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आम्ही कांजूरमार्गला दोन खोल्यांत राहायचो. वारा उलटा फिरला की डम्पिंगच्या जळत्या कचऱ्याचा धूर घरात यायचा. मी मुलुंडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होते. घरी आल्यावर मात्र मी लेखिका असायचे. तसं मी घरात सांगूनच ठेवलं होतं. मला भाजी निवडायला बोलावलं की मी म्हणायचे, "आई, मी विचार करतेय." आई म्हणायची, "कर की. विचार करताना हात मोकळेच असतात." आणि पुढ्यात गवारीचा ढीग टाकायची.

कादंबरी किशोरवयीन मुलांसाठी होती. कमळी आणि बाळू ही भावंडं घरच्या रोजच्या आयुष्याला कंटाळतात, पळून जातात आणि मढच्या समुद्रकिनाऱ्यावर एका रिकाम्या बंगल्यात राहतात. सिनेमावाले शूटिंगला भाड्याने घेतात ना, तसला बंगला. तिथे ती चार दिवस उपाशी राहतात आणि त्यांना जीवनाचा अर्थ कळतो. (मी मढला कधीच गेले नव्हते. जीवनाचा अर्थही मला ठाऊक नव्हता, पण तेवढ्यावरून कुणी लिहायचं थांबत नाही.)

अशात एका प्रकाशनसंस्थेनं किशोर कादंबऱ्यांची स्पर्धा जाहीर केली. अट एकच, मजकूर टाईप केलेला हवा. आणि आमच्या घरात तर साक्षात टायपिस्ट बसून होता.

माझे बाबा लालबागच्या एका गिरणीच्या ऑफिसात सव्वीस वर्षं टायपिस्ट होते. गिरणी संपानंतर उघडलीच नाही, त्याला आता दीड वर्ष झालं होतं. सुरुवातीला ते रोज पेपरातल्या जाहिराती बघायचे. मग तेही सुटलं. दाढी आठवड्यातून एकदा व्हायची. दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या बिल्डिंगचं प्लास्टर बघत राहायचे. जवळच्या टायपिंग क्लासनं मोडीत काढलेलं एक मराठी मशीन त्यांनी घरी आणून ठेवलं होतं, पण त्याच्यावर आई पापडांचा डबा ठेवायची.

"बाबा, माझी कादंबरी टाईप करून द्याल?" मी विचारलं.

बाबांनी माझ्या कादंबरीच्या तिन्ही वह्या हातात घेऊन तोलल्या. "किती तारखेपर्यंत पाहिजे?" एवढंच विचारलं. अगदी साहेबाला विचारावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पायात चपला घालून टेबलाशी बसलेले. घड्याळात नऊ वाजले आणि मशीन वाजायला लागलं. एक वाजता बंद. आईनं ताट वाढलं तर म्हणाले, "ताट नको. डबा दे." आईनं स्वयंपाकघरात डबा भरला, चार पावलं चालून बाहेरच्या खोलीत नेऊन दिला. बाबांनी तो उघडला, अर्ध्या तासात संपवला आणि पुन्हा कामाला बसले. हे पुढे महिनाभर रोज चाललं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले, तेव्हा बाबा गंभीर चेहऱ्यानं बसले होते.

"शुभा, एक प्रॉब्लेम आहे. ळ मोडला."

"म्हणजे?"

"ळ ची कांडी तुटली. मेकॅनिककडे जाऊन आलो. या मशीनचे पार्ट आता येत नाहीत म्हणतो."

"मग तेवढी जागा सोडा. मी पेनानं ळ काढीन."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितलं. "टाईप केलेल्या कागदावर पेन? सव्वीस वर्षांत माझ्या हातून असला कागद बाहेर गेला नाही."

मला त्या दिवशी शेवटच्या प्रकरणाचा विचार करायचा होता. मी घाईत म्हटलं, "मग ज्या शब्दात ळ असेल त्याच्याऐवजी दुसरा घाला. बघून घ्या हो बाबा तुमचं तुम्ही."

या एका वाक्यानं माझी वाट लागली. पण ते मला कळायला पुढे दोन महिने लागले.

मधूनमधून बाबा काहीतरी विचारायचे. "कमळीला पद्मा केलं तर चालेल? अर्थ तोच आहे." मी म्हणायचे, चालेल. "बाळूला बंडू?" चालेल. "नारळ आलाय एका ठिकाणी. श्रीफल करू?" करा. मला वाटलं, बिचारे किती विचारून विचारून करतात. एकदा म्हणाले, "ही पोरं कांजूरहून मढला चालत जातात, दुपारी निघून संध्याकाळी पोचतात असं लिहिलंयस. कधी जाऊन बघितलंस?"

"बाबा, ती कादंबरी आहे."

"असू दे. वर्सोव्याहून होडी आहे तिथे," ते म्हणाले आणि पुन्हा मशीनकडे वळले.

शेवटचं पान झालं ते अगदी शेवटच्या तारखेला सकाळी. बाबांनी गठ्ठा नीट शिवून पाकिटात घालून तयार ठेवला होता. "एकदा नजर टाकतेस?" त्यांनी विचारलं. मी घड्याळ बघत म्हटलं, "लेखकानं आपलं लिखाण पुन्हा वाचू नये. ताजेपणा जातो." हे मी कुठे वाचलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं.

महिन्याभरानं प्रकाशनाचं पत्र आलं. कादंबरी परीक्षकांना फार आवडली आहे, संपादक बाई भेटू इच्छितात, अंधेरीला घरी या, येताना मूळ हस्तलिखित आणा. मी ते पत्र चाळीतल्या प्रत्येक दारात जाऊन वाचून दाखवलं. मग बाबांना म्हटलं, "तुम्हीपण चला." मला वाटलं, तेवढाच त्यांना विरंगुळा.

पवईमार्गे बसनं आम्ही गेलो. संपादक बाई साठीच्या होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला चहा दिला. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसले. बाईंनी गठ्ठा उघडला.

"तुमची भाषा मला फार आवडली," त्या म्हणाल्या. "हल्लीच्या मुली नेत्र म्हणत नाहीत. तुम्ही एकदाही डोळे म्हटलेलं नाही."

"हो. मला तो शब्द जरा... ठोकळ वाटतो," मी म्हटलं.

"आणि मुलं घर सोडतात ते कारण. किती वेगळं. नाहीतर आपल्याकडची मुलं कथेत नुसती कंटाळून पळून जातात."

मी मान हलवली. माझीही कंटाळूनच पळाली होती. मी बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे बघत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. बाबांच्या मशीनवर कंटाळता येत नव्हतं. पळताही येत नव्हतं. त्यामुळे त्या पोरांना घराबाहेर काढायला त्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागलं असणार.

बाईंनी चष्मा लावला. "हा भाग मी परीक्षकांना मोठ्यानं वाचून दाखवला," म्हणाल्या आणि वाचायला लागल्या.

"बापाची नोकरी गेल्यापासून पद्मा आणि बंडू अर्ध्या पोटी उठत. आपण गेलो तर घरात खाणारी तोंडं दोन कमी होतील, असा त्यांनी हिशेब केला. पण त्या चार दिवसांत आईनं भात रोज दोघांचा जास्तच लावला, आणि दुसऱ्या दिवशी तोच शिळा भात बापानं..." इथे बाई थांबल्या. "शिळा शब्द नाहीये इथे. 'आदल्या दिवसाचा' आहे. मीच आपलं वाचलं. 'आदल्या दिवसाचा तोच भात बापानं मुकाट्यानं खाल्ला. दाराला कडी कुणी लावली नाही.'"

माझ्या कादंबरीत आई-बाप नव्हतेच. पहिल्याच प्रकरणात मी त्यांना सोडून दिलं होतं.

"हे तुम्हाला सुचलं कसं?" बाईंनी विचारलं.

आता खरं सांगायची वेळ होती. मला ते कळतही होतं. पण बाई माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत होत्या की मी खाली मान घालून म्हटलं, "असंच. एकदा सहज सुचलं."

बाबांनी चहाचा घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मुलगी खोटं बोलतेय आणि आपण साक्षीदार आहोत, असं त्यांनी जाणवूही दिलं नाही. मला अजून त्या घोटाचा आवाज आठवतो.

"एक फक्त विचारायचं होतं," बाई पान उलटत म्हणाल्या. "मढच्या कोळीणबाई मुलांना जेवू घालतात तो प्रसंग. बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते तुम्ही सगळं दिलंय. खोबरं, मिरची, चिंच, सगळं. मी मूळची वेंगुर्ल्याची. तिरफळाचे दोन दाणे ठेचून घातल्याशिवाय आमच्याकडे बांगडा होत नाही. तुमचं तिरफळ कसं राहिलं?"

(माझी मुलं चार दिवस उपाशी होती. त्यांना जेवायला कुणी घातलं, मला काही कल्पना नव्हती.)

"मला बांगड्यात तिरफळ आवडत नाही," मी म्हटलं. "मुद्दामच गाळलं."

बाबांनी कप बशीत ठेवला. इतका वेळ ते सगळं सहन करून होते. एरवी घरात आमच्याशी मुंबईचं मराठी बोलणारे बाबा संतापले की मालवणीत शिरत.

"काय बोलतंस गो तू?" ते म्हणाले. "बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नको? ळ मोडलो हा म्हणान घालूक नाय. तिरफळ नको म्हणे. लोक काय म्हणतीत?"

मग पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. मी मुकाट्यानं पिशवीतून वह्या काढून दिल्या. बाईंनी पहिली वही उघडली, दोन पानं वाचली, मधलं एक वाचलं आणि वही मिटली.

"तुमचं अक्षर सुंदर आहे," त्या म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले. साकी नाक्याला बाबा म्हणाले, "पोरं चार दिवस उपाशी, आणि मी नुसता टाईप करत बसू?" पवईला ते पुन्हा म्हणाले, "तू म्हणालीस बघून घ्या, म्हणून बघितलं." मी तिकिटाची घडी घालत राहिले.

स्पर्धेतून कादंबरी बाद झाली, कारण ती एकाच नावानं आली होती. आठ दिवस मी बाबांशी बोलले नाही. आईकडे तक्रार केली तर ती म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत आहे. तिखलं मीच तर सांगितलं त्यांना."

"आई, तुलापण माहीत होतं?"

"मी रोज डबा द्यायला जायचे तेव्हा ते वाचून दाखवायचे. समोरच्या वहिनी पण यायच्या ऐकायला." मग आईनं हातातलं काम थांबवलं. "हे बघ शुभे, तुझी कादंबरी गेली याचं मला वाईट वाटतं. पण माझ्या घरातला माणूस महिनाभर नऊच्या ठोक्याला कामाला बसत होता. आता पुन्हा खिडकीशी बसलाय. त्याचं काय करू, ते सांग."

मी बाहेरच्या खोलीत पाहिलं. बाबांनी दाढी केली नव्हती. मशीनवर पापडांचा डबा परत आला होता.

त्या दिवशी मी बाईंनी परत दिलेला तो गठ्ठा पहिल्यांदा उघडला. दुपारी बसले ती दिवेलागणीपर्यंत उठले नाही. झाडावरून श्रीफल पडतं तिथे हसले. चौथ्या दिवशी बाप मढला येतो, मुलं दिसतात, तर तो रागावत नाही. नुसतं विचारतो, "पोटात काही गेलं का?" तिथे मला पुढची अक्षरं दिसेनात. मी दिवा लावायच्या निमित्तानं उठले.

बाबा खिडकीशीच होते. मी त्यांच्यासमोर कोरी वही ठेवली. "बाबा, संपादक बाईंना पत्र लिहायचंय. त्या म्हणाल्या होत्या, दोघांच्या नावानं असेल तर त्या छापतील म्हणून." (हे त्या आम्ही निघताना दारात, बाबा पुढे जिना उतरून गेल्यावर, मला म्हणाल्या होत्या. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.)

"टायपिस्टाचं नाव कुठे असतं?" बाबा म्हणाले. "पत्राच्या खाली कोपऱ्यात त्याच्या नावाची दोन अक्षरं असतात, बस."

"बाबा, गोष्ट तुमची आहे."

"पळून जायचं डोकं तर तुझंच ना?" ते म्हणाले. नंतर वही माझ्याकडे सरकवून, "घाल मग. पण तुझं वर."

मी त्यांचं नाव वर घातलं, असं सांगायला मला आवडलं असतं. मी माझंच वर घातलं.

पुस्तक वर्षभरानं आलं. छापखान्यात ळ होता, त्यामुळे तिरफळ जागेवर पडलं. सव्वाशे पानांचं लहानसं पुस्तक, पण मुलांची पत्रं यायला लागली. बाबा प्रत्येकाला टाईप करून उत्तर द्यायचे, नऊ ते पाच.

त्यात बोरिवलीच्या एका सहावीतल्या मुलीचं पत्र होतं. तिनं लिहिलं होतं, "पुस्तक मला इतकं आवडलं की मी तीनदा वाचलं. मी मैत्रिणींनाही दिलं. फक्त त्यांना सांगितलं की सुरुवातीची चार पानं सोडून द्या, तिथे नुसता सूर्य उगवत असतो."

बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून माझ्याकडे दिलं. "याचं उत्तर तू दे," म्हणाले. "ती चार पानं मी जशीच्या तशी ठेवली होती."