बारीक सूर

‘फाटक’ या विषयावर काय वाजवायचं असतं, हे विनता घारपुरेला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

जबलपुरात, मदन महल भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी त्यांचा बँड जमतो. हा बँड लग्नाचा नव्हे आणि फौजेचाही नव्हे. कारखान्यातून निवृत्त झालेले काका लोक, बँकेतली समिधा, रेल्वेतले काही जण, कॉलेजची मुलं, ज्याला फुंकता येतं आणि रविवारी सकाळी उठता येतं तो यात. क्लॅरिनेट, बासरी, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि मागे भिंतीला टेकून भलामोठा ट्यूबा. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले बापूसाहेब हा सगळा कारभार चालवतात. दसऱ्याला ते एका शब्दात हंगामाचा विषय सांगतात आणि होळीपर्यंतचे सगळे कार्यक्रम त्या एका शब्दावर होतात. एका वर्षी ‘पाणी’ होतं, ते सोपं गेलं. ‘भोंगा’ होता त्या वर्षी कारखान्यात जन्म काढलेले म्हातारे असे रंगात आले की त्यांना आवरावं लागलं. ‘दगड’च्या वर्षी भेडाघाटला मूर्तींच्या दुकानांसमोर वाजवलं, तेव्हा निम्म्या पर्यटकांना वाटलं की कुणी मंत्री येऊन राहिलेत.

आणि या वर्षी फाटक.

“फाटक म्हणजे?” समिधाने विचारलं.

“फाटक म्हणजे फाटक. रेल्वेचं.”

“अहो, पण त्यात गाणं कुठे आहे, बापूसाहेब?”

“थांबणं आहे,” बापूसाहेब म्हणाले. “जबलपूरच्या माणसाने अर्धं आयुष्य फाटकावर काढलंय. पूल झाले न् सगळे विसरले. चलो, वाद्यं काढा.”

समिधा विनताच्या कानाशी लागली. “पुढच्या वर्षी ‘गतिरोधक’ असेल, बघ.”

विनता हसली, पण तिचं लक्ष ट्रम्पेटच्या रांगेत होतं. तिथे वेदांग बसला होता, तिचा मुलगा. विषय ऐकून सगळे गोंधळले होते. एकटा तोच असा दिसत होता की त्याला काहीतरी समजलंय. काय समजलं, हे विचारायची मात्र तिला हिंमत झाली नाही.

विनता याच गावची. तिचे वडील, चंद्रशेखर, इथल्या एका आयुध कारखान्यात होते आणि कारखान्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. त्यांनी तिला स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसवून शिकवलं. मग बी.एस्सी. झाली, लग्न झालं, शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, वेदांग झाला आणि क्लॅरिनेट माळ्यावर गेलं. वेदांग सातवीत असताना ट्रम्पेटसाठी हटून बसला, म्हणून ती त्याला या हॉलमध्ये घेऊन यायला लागली. तो आत वाजवायचा आणि ती बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसायची. काही महिने हे बघून एक दिवस बापूसाहेब बाहेर आले.

“ताई, चंद्रशेखरची मुलगी ना तुम्ही? वाट बघत बसता, त्यापेक्षा फुंका काहीतरी.”

अशी ती बँडमध्ये आली. मुलाची वाट बघता बघता. पुढे कुणी विचारलं की ती हेच सांगायची, आणि लोकांना ते गमतीचं वाटायचं.

या बँडची एक रीत आहे. इथे कधीच सगळे हजर नसतात. कुणाच्या साळ्याचं लग्न असतं, कुणाची रात्रपाळी, कुणाची परीक्षा. म्हणून बापूसाहेब प्रत्येकाचा कागद हाताने लिहितात आणि तुमच्या सुरांच्या मध्ये, रिकाम्या जागी, शेजाऱ्याचे महत्त्वाचे सूरही बारीक आकारात लिहून ठेवतात. शेजारी आला नाही तर ते तुम्ही वाजवायचे. बँडमध्ये त्यांना ‘बारीक सूर’च म्हणतात. नियम एकच: माणूस खुर्चीवर असेल तर त्याच्या बारीक सुरांना हात लावायचा नाही. तो चुकला तरी नाही, अडला तरी नाही.

वेदांगचे बारीक सूर पहिल्यापासून विनताच्या कागदावर असत. त्याला गोवर आला, दहावीची परीक्षा आली, सायकलवरून पडून दात हलला, दरवेळी त्याचे सूर तिने वाजवले. आपला सूर वाजवताना ती कधी कधी चुकायची. त्याचा वाजवताना कधी चुकली नाही.

या वेळच्या रचनेत सगळा बँड आधी रस्त्यासारखा धावतो. सायकली, रिक्षा, स्कूटर, सगळे एकमेकांच्या अंगावर. मग एकदम थांबतो. बापूसाहेब छडी खाली करतात, हाताची घडी घालून उभे राहतात. फाटक बंद. त्या शांततेत एकट्या ट्रम्पेटने एक लांब ओळ वाजवायची. कधी सुरू करायची ते ठरवणार ट्रम्पेटवाला. त्याला कुणी इशारा देणार नाही. ती ओळ वेदांगची होती.

दिवाळीनंतरच्या रविवारी पहिल्यांदा ही रचना सलग वाजवली. बँड थांबला. बापूसाहेबांनी हात बांधले. वेदांगने ट्रम्पेट ओठांना लावलं आणि तो तसाच बसून राहिला. विनताने त्याच्याकडे पाहिलं. गणपतीपासून त्याचं हे असंच चाललं होतं. इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष. कॉलेजात जातोस ना, विचारलं तर “जातो.” रोज? “बघतो.” जेवलास का? “बघतो.” जेवलास का याचं उत्तर ‘बघतो’ कसं असू शकतं, हे तिला समजत नसे. आता तिला वाटलं, तो अडला. सगळे त्याच्याकडे बघताहेत आणि तो अडला. पुढचं तिने ठरवलं नाही. क्लॅरिनेट वाजायला लागलं तेव्हाच तिच्या लक्षात आलं की ते आपलं आहे.

ओळ संपेपर्यंत कुणी हललं नाही. वेदांगने ट्रम्पेट पुसलं, पेटीत ठेवलं, पेटीचे खटके लावले.

“आई,” तो अगदी हळू म्हणाला, “मी होतो ना खुर्चीवर.”

आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. घरी होता, जेवत होता, विचारलं तर उत्तर देत होता. रागावलाय म्हणावं तर तसंही दिसेना.

“काहून टेन्शन घेऊन राहिली?” देवदत्त म्हणाला. विनताचा नवरा रेल्वेच्या कचेरीत आहे आणि गाडी येईल तेव्हा येईल, असा त्याचा स्वभाव. “पोरगं आहे. येईल.”

“कुठे येईल? कॉलेजात? बँडमध्ये? की घरी?”

“अगं, घरीच तर आहे तो.”

“तेच तर म्हणते.”

देवदत्तला काही कळलं नाही. तिलाही आपण काय म्हणतोय ते कळलं नव्हतं.

तोवर देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, होऊन लग्नं सुरू झाली होती. एका संध्याकाळी गोहलपुरात शिलाई मशीन दुरुस्तीला टाकून ती स्कूटीवरून परत निघाली आणि वरातीत अडकली. घोडा, दिव्यांची झुंबरं, नाचणारी पोरं, सगळं रस्ताभर. तिने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. आणि त्या सगळ्या गोंगाटात एक ट्रम्पेट तिला ऐकू आलं. वरच्या सुरावर जाताना किंचित थांबून मग चढणारं. चेहरा तिला नंतर दिसला. लग्नाच्या बँडचा लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा. वेदांगने तिला पाहिलं, आणि वाजवत राहिला.

रात्री जेवताना त्याने भाजी वाढून घेतली आणि म्हणाला, “आई, तू एवढा हॉर्न काहून वाजवून राहिली होतीस? किती बेसुरा आहे तो.”

देवदत्त हसला. विनताला हसावं की रडावं तेच सुचेना. कॉलेज सोडलंस का, हा प्रश्न तिच्या तोंडाशी आला होता. पण विचारलं आणि तो ‘हो’ म्हणाला तर पुढे काय बोलायचं, हे तिने ठरवलं नव्हतं. तिने विचारलं, “कार्यक्रमाला येशील का?”

“त्या दिवशी बुकिंग आहे. दुपारची वरात.”

“म्हणजे नाही?”

“बघतो.”

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. पांढरे शर्ट, पांढऱ्या साड्या, सगळा बँड रांगेत. वेदांगची खुर्ची रिकामी. बापूसाहेबांनी ती उचलू दिली नाही, पण विनताच्या जवळ येऊन म्हणाले, “ताई, बारीक सूर बघून ठेवा.” तिने मान हलवली. एका परीने तिला बरंच वाटलं. नियम स्पष्ट होता. माणूस नाही, तर वाजवायचं. हे तिला जमत होतं. जन्मभर जमलं होतं. आणि तरी आज ती ओळ वाजवली की ती खुर्ची कायमची रिकामी होईल, असं काहीतरी तिच्या मनात बसलं होतं. नाही वाजवली तर बँड तोंडघशी पडणार. समिधाने पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने नुसती हातात धरून ठेवली.

शेवटच्या रचनेआधी मागचं दार वाजलं. वेदांग आत आला. लाल कोट, सोनेरी झालर, तुरा मात्र काढून खिशात कोंबलेला. घाम पुसत तो पांढऱ्या शर्टांच्या मधून वाट काढत आला आणि खुर्चीवर बसला. प्रेक्षकांत हशा पिकला. ट्यूबावाले काका मोठ्याने म्हणाले, “अरे, दुल्हा कहाँ है?” बापूसाहेबांनी छडी उचलली.

बँड धावला आणि थांबला. बापूसाहेबांनी हात बांधले.

वेदांगने ट्रम्पेट ओठांना लावलं. काढलं. परत लावलं. विनताला त्याचे ओठ दिसत होते. सुजून लाल झाले होते. दुपारभर वरातीत फुंकल्यावर ओठ आपले राहत नाहीत, हे फुंकणाऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणजे तो वाजवू शकणार नाही? की मागच्या वेळेसारखा नुसताच थांबलाय? तो खुर्चीवर होता. पण ओठ नव्हते. अशा वेळी नियम काय आहे? तिने बापूसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. कुणीतरी खोकलं. क्लॅरिनेट तिच्या तोंडाशी होतं, श्वास भरलेला होता, आणि तिने तो धरून ठेवला. छातीत दुखायला लागलं तेव्हा सोडला आणि नवा भरला. मागच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. ती वाजवत नव्हती. आपण बरोबर करतोय असं तिला मुळीच वाटत नव्हतं. मुलाला सगळ्यांसमोर बुडताना बघत बसलोय, असंच वाटत होतं.

मग वेदांगने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. निदान तिला तसं दिसलं.

तिने पहिला सूर लावला, इतका हळू की स्वतःलाच जेमतेम ऐकू यावा. दुसरा लावणार तोच शेजारून ट्रम्पेट आलं. खरखरीत, फाटलेलं, वरच्या सुरावर जाताना किंचित थांबून मग चढणारं. तिने आपलं वाद्य मांडीवर ठेवलं. उरलेली सगळी ओळ त्याने एकट्याने वाजवली, एका जागी सूर फुटला, त्याने तो परत धरला. बापूसाहेबांनी डोळे उघडले. फाटक उघडलं, सगळा बँड सुटला, आणि विनता आपली जागा चुकली, ती तिला बरंच पुढे गेल्यावर सापडली.

घरी जाताना तो लाल कोटातच स्कूटीवर मागे बसला. सिग्नलला शेजारचे लोक बघत होते.

“तू मान हलवलीस, ती मी सुरुवात करावी म्हणून ना?” तिने विचारलं.

“कधी?”

“अरे, फाटक बंद होतं तेव्हा. माझ्याकडे बघून.”

“घाम येत होता आई डोळ्यात.” त्याने कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं. “पण बरं झालं. तुझा सूर ऐकला न् मग कळलं कुठून धरायचं ते.”

“म्हणजे मी वाजवलं ते चुकलं की नाही चुकलं?”

“आई, सिग्नल हिरवा झाला.”

कॉलेजचं तिने विचारलं. तो म्हणाला, परीक्षेला बसणार आहे, पुढचं माहीत नाही. खरंच माहीत नाही. या वेळी तो ‘बघतो’ म्हणाला नाही. हे चांगलं की वाईट, याचा विचार करत ती घराची गल्ली सोडून पुढे गेली आणि त्यालाच सांगावं लागलं, “आई, घर मागे राहिलं.”

पुढच्या रविवारी तिला हॉर्नच्या आवाजाने जाग आली. वेदांग खाली स्कूटीवर बसला होता. “चल ना! ओठ तयार करायला मला वेळ लागतो,” तो खालून ओरडला. “आणि हे बघ, खरंच बेसुरा आहे हा!”

हॉलमध्ये बापूसाहेबांनी पुढच्या कार्यक्रमाचे कागद वाटले. विनताने आपला उलटून पालटून पाहिला. सगळे सूर मोठे, सगळे तिचे. एक अख्खी ओळ एकट्या क्लॅरिनेटची होती. बारीक असं कुठेच काही नाही. तिने वाकून वेदांगचा कागद पाहिला. तिथे, त्याच्या रिकाम्या जागी, बापूसाहेबांच्या वळणदार हाताने ती क्लॅरिनेटची ओळ बारीक लिहिलेली होती.

तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून पाहिले.

“बापूसाहेब,” तिने विचारलं, “मी येणार नाहीये का त्या दिवशी?”

“ते तुम्हाला माहीत, ताई,” बापूसाहेब म्हणाले आणि त्यांनी छडी उचलली.