रखमाजीपासून जोतीरामपर्यंत

सारजा ही जोतीराम सुताराची थोरली. इंदापूर तालुक्यात धरणाचं पाणी चढलं तेव्हा जी गावं उचलून वर आणून वसवली, त्यातल्या एका गावात बापलेक राहायचे. तिची ओळख सांगायची झाली तर लोक म्हणत, नांदायला गेली होती, चार वर्षांत परत आली. नवऱ्यानं दुसरी आणली, त्यात हिचा काय दोष, हे कोणी म्हणत नसे. आणि ती होड्या करते, हे तर अजिबातच नाही. वास्तविक १९९३ साली त्या पाण्यावर मासेमारीच्या ज्या लाकडी होड्या हिंडत होत्या, त्यातल्या सात तिच्या हातच्या होत्या.

देशावरच्या सुताराच्या घरात होडी आली ती दुष्काळामुळे. सारजाचा खापरपणजा रखमाजी मोठ्या दुष्काळात पायी मुंबईला गेला आणि इंग्रजांच्या गोदीत लागला. वीस वर्षं त्यानं जहाजांची सागवानी फळी तासली. जहाज पाण्यात सोडायच्या दिवशी साहेब बाटली फोडायचा, जहाजाच्या मालकाचं नाव, कप्तानाचं नाव, कुठल्याशा राणीचं नाव मोठ्यानं घेतलं जायचं. ज्यांनी ते जहाज उभं केलं ते सुतार लांब दोरखंडापाशी उभे असायचे. एकदा तर मुकादमानं आपल्या भाच्याचं नाव कारागीर म्हणून फळीवर कोरून घेतलं, आणि त्या भाच्यानं खिळासुद्धा ठोकलेला नव्हता. रखमाजीच्या ते मनाला फार लागलं. गावी परतल्यावर त्यानं भीमेच्या उतारासाठी होड्या करायला घेतल्या आणि घराला एक रीत लावून दिली. होडी पाण्यात सोडताना ती करणाऱ्यांची नावं चारचौघांत मोठ्यानं घ्यायची, घरातल्या पहिल्या कारागिरापासून शेवटच्यापर्यंत. पण आपलं नाव आपण होऊन कोणी घ्यायचं नाही. ज्यानं शिकवलं त्यानं ते पहिल्यांदा घ्यायचं, मगच ते पुढं चालायचं.

रखमाजीनं तुळशीरामचं घेतलं, तुळशीरामनं भिमाचं, भिमानं जोतीरामचं. जोतीरामची पाळी आली आणि तिथं घोडं अडलं.

जोतीरामला मुलगा होता, मल्हार. पण त्याचं चित्त लाकडात कधी रमलं नाही. तो बारामतीच्या एका कारखान्यात लागला आणि तिथंच जळोचीला खोली करून राहिला. लाकूड तासायचा वाकस धरला तो सारजानं. माहेरी परतलेल्या बाईला दिवस ढकलायला काहीतरी लागतं म्हणून आधी ती फळ्या धरायची, मग फटींत कापूस आणि राळ भरायला लागली, आणि बापाचे गुडघे गेले तशी सगळीच होडी तिच्याकडे आली. बाभळीचा बाक कसा ओळखायचा, फळीला वाफ देऊन कुठवर वाकवायची, हे जोतीरामनंच तिला शिकवलं. शिकवताना त्याला मुलगी-मुलगा काही आठवत नसे. चुकली की तो तिच्यावर खेकसायचा, जमलं की नुसता हुं म्हणायचा, आणि त्या एका हुंकारावर सारजा आठ दिवस खुशीत असायची.

त्र्याण्णव साली तात्याबा भोयाची होडी झाली. सोडायच्या दिवशी सकाळी जोतीराम भाकरी मोडता मोडता म्हणाला, "आज तुजं नाव घ्यायचं हाय. नीट लुगडं नेस."

सारजा नीट लुगडं नेसली. काठावर पंधरा-वीस माणसं होती. जोतीराम गुडघाभर पाण्यात उभा राहिला, होडीच्या नाळेवर, तिच्या पुढच्या टोकावर, हात ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "रखमाजी. रखमाजीचा तुळशीराम. तुळशीरामचा भिमा. भिमाचा जोतीराम."

मग तो थांबला. त्यानं काठाकडं पाहिलं. तिथं सगळे बाप्येच होते. त्यांच्या तोंडाकडं पाहत तो म्हणाला, "जोतीरामचा मल्हार."

मल्हार त्या घटकेला बारामतीत यंत्रापुढं उभा होता. त्याला याचा पत्ताही नव्हता.

आता या माणसाला काय म्हणावं? हाडाचा कारागीर, लाकडाची गाठ बोटानं ओळखणारा, आणि वीस माणसांच्या नजरेपुढं त्याचं पाणी पाणी झालं. ज्या गोष्टीनं रखमाजीचं काळीज जळालं होतं, तीच गोष्ट त्याच्या पणतवानं आपल्या पोटच्या पोरीशी केली. राग यावा असंच ते होतं. सारजाला मात्र राग आला नाही, हे तिचं दुर्दैव. तिला नुसतं वाईट वाटलं.

संध्याकाळी ताट वाढताना तिनं विचारलं, "आबा, मल्हारनं वाकस कवा धरला?"

जोतीरामनं हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "जीभ वळंना, सारजे. बाईनं केलेली होडी म्हनून लोक हसतील, घेनार न्हाईत, आसं वाटलं. पुढल्या होडीला घेतो."

पुढली होडी झाली. त्या वेळी तो आपल्या नावापाशीच थांबला. मल्हारचं घेतलं नाही, तिचंही नाही. त्याच्या पुढलीलाही तसंच. घरी येऊन तो म्हणायचा, पुढल्या होडीला. सारजा म्हणायची, बरं. तिला पैसा नको होता, मान नको होता. एकदा, बापाच्या तोंडून, लोकांत, एवढंच हवं होतं. मधल्या काळात पाण्यावर पत्र्याच्या होड्या आल्या आणि लाकडी होडीला गिऱ्हाईक मिळेनासं झालं. पुढली होडी म्हणजे कधी, हेच सांगता येईना.

सत्त्याण्णव साली तात्याबानंच परत एक सांगितली. होडी अर्धी झाली असेल, तेवढ्यात एका सकाळी जोतीराम अंगणात कोसळला. बारामतीच्या दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही.

सारजा महिनाभर त्याच्या उशाशी बसून होती. जोतीराम तिच्याकडं पाहायचा, ओठ हलवायचा. नुसता वारा यायचा. ती कान त्याच्या तोंडाशी न्यायची आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. एकदा त्यानं डाव्या हातानं तिचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला आणि तळव्यावरच्या घट्ट्यांवरून बोट फिरवत राहिला.

"ऱ्हाऊ द्या, आबा," ती म्हणाली. "मला कळलं."

कळलं होतंच. पण आपल्याला कळणं वेगळं आणि लोकांत ऐकणं वेगळं. ती ते त्याला सांगायला गेली नाही, मरणाऱ्या माणसाला काय म्हणून टोचायचं. चैत्राच्या अखेरीस जोतीराम गेला.

दिवसकार्य झाल्यावर सारजानं अर्धी होडी पुरी करायला घेतली. भर दिवसा, अंगणात, पदर खोचून. बघणारे बघत होते, हसलं कोणी नाही. शेवटची फट भरायची राहिली होती तेव्हा तात्याबा येऊन बांधावर टेकला.

"तुज्या आबाला कशाचं भ्या वाटायचं ते कळलं न्हाय बग मला," तो म्हणाला. "आमाला काय ठावं न्हवतं व्हय? रंधा हितं चालायचा आन् जोतीरामतात्या पारावर बसल्याला आसायचा. समद्या काठाला ठावं हुतं. तुज्या हातची हाय म्हनूनच तर मी परत सांगितली."

सारजानं तोंड फिरवलं आणि कापूस चेपत राहिली. चार वर्षं बाप ज्या माणसांना भ्याला, ती माणसं अशी होती. हे त्याच्या हयातीत कोणीतरी येऊन बोललं असतं तर.

होडी सोडायला मल्हार रजा टाकून आला. तो काठावर उभा राहिला आणि सारजा पाण्यात उतरली. तिनं नाळेवर हात ठेवला.

"रखमाजी. रखमाजीचा तुळशीराम. तुळशीरामचा भिमा. भिमाचा जोतीराम."

ती थांबली.

"म्होरं घे की," तात्याबा म्हणाला. "आमी ऐकतोय."

"म्होरलं आबांनी घेतलं न्हाय."

"मग मी घेतो," मल्हार पाण्यात पाय घालत म्हणाला. "अक्का, मी घेतो तुजं. ह्ये समदं तुजंच हाय."

"तू कुठं शिकिवलं मला?" ती म्हणाली. रागानं नव्हे, समजावून सांगावं तशी. "ज्यानं शिकिवलं त्यानंच घ्यायचं आसतं."

मल्हार तिथंच उभा राहिला. चौघांनी रेटा दिला आणि होडी पाण्यात गेली. थेंबभर पाणी आत आलं नाही. काठावरच्या माणसांनी जोतीरामतात्याच्या नावानं हात जोडले. सारजानंही जोडले.