डोंगर नसलेला देखावा

बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक देखावा भरला. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे पुस्तकं सोडून सुई घेऊन बसते म्हणून बाबा कुरकुरायचे. तरी भरला.

त्या काळी पोरी भरायच्या तो देखावा ठरलेला असे. दोन डोंगर, मधून सूर्य, बाजूला नारळाचं झाड. आमच्या गावात नारळाचं झाड कोणी पाहिलं नव्हतं. मी आमची बोडी भरली, शेताच्या वरच्या अंगाला असलेलं आमचं लहान तळं, आणि रोपं लावून रोवणा झाल्यावर तळ्याच्या पाळीवरून दिसतात तशा खालच्या धानाच्या बांध्या, बांध घातलेले शेताचे तुकडे. आधी रोवलेली बांधी गडद, मागून रोवलेली पोपटी, आणि सगळ्यात उशिराची पिवळट, कारण तिथल्या रोपानं अजून मूळ धरलेलं नसतं. रेशमी दोऱ्याची लडी सहा पदरी असते. मी एकेक पदर सुटा करून आडव्या रेघा घातल्या, दोन हिरव्यांच्या मध्ये तिसरा हिरवा. पाण्याला निळा दोरा लावलाच नाही. आमच्या बोडीचं पाणी कधी निळं नव्हतं. शेताच्या हद्दीला, धुऱ्यावरचा वाकडा पळस होता तिथंच ठेवला.

करडी गावाला काकांची मुलगी होती, नववीत शाळा सोडलेली. तिला पाहायला पाहुणे येणार म्हणून काकू माझा देखावा फ्रेमसकट मागून घेऊन गेली. अशा वस्तू या घरून त्या घरी जायच्या, त्यात कोणाला काही वाटत नसे. "पोरीनंच भरला," असं सांगितलं. सोयरीक जमली, तारीख निघाली.

मग त्याच होणाऱ्या जावयाचे मामा, तुमसरच्या एका राईस मिलमधले मुनीम, आपल्या मुलाला घेऊन मला पाहायला आले. आईनं फ्रेम परत आणून भिंतीवर लावली.

"आई, हे तेच पाहुणे आहेत," मी म्हटलं.

"माणसं पोरीकडे पाहतेत. भितीकडे कायले पाहतीन?"

मामांनी आधी भिंतीकडेच पाहिलं. डोंगर असते तर ओळखलंही नसतं.

"हे तर म्या करडीले पाहिलं. तिथल्या पोरीनं भरलं म्हणत होते. इथं कसं आलं?"

आईचा हात पोह्याच्या बशीवर थांबला. लग्नाआधी खोटं पकडलं गेलं की सोयरीक मोडते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोडलेली सोयरीक मी पचवली असती, माझं कॉलेज होतं. बहिणीजवळ दुसरं काहीच नव्हतं.

"तिचंच आहे, मामाजी. पाहायले आणलं. मले कॉलेजातून वेळ कुठं भेटते?"

ते उठून जवळ गेले. "पण ही बोडी करडीची नाही वाटत. हा पळस..."

"बोड्या सगळ्या सारख्याच असतात," मी म्हटलं. तेवढं एक वाक्य मला जड गेलं.

"मंग तुले काय येते?"

"बीए करून राहिली."

"ते समजलं. हातानं काय येते?"

"लिहिता येते."

मुलगा हसला. बापानं पाहिलं तसा थांबला.

निरोप आला, पोरगी शिकलेली आहे पण हातात कला नाही. बाबांनी तो आईला सांगितला आणि सायकल काढून शेतावर गेले. बहिणीचं लग्न ठरल्या तारखेला लागलं. फ्रेम आंदणात गेली, न देऊन चाललंच नसतं. मी बीए झाले, शाळेत नोकरीला लागले.

तिच्या घरी निवांत बसायला गेले ते बऱ्याच वर्षांनी, त्यांच्याकडे टीव्ही आला होता तेव्हा. देखावा टीव्हीच्या वरच लावलेला. तिच्या सासूनं तो कौतुकानं दाखवला.

"आमच्या सुनेनं भरला. तुले येते का बाई असं?"

"नाही."

डाव्या कोपऱ्यातल्या बांधीचा हिरवा मात्र नवा दिसत होता. मी बहिणीच्या मागं स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, "सासूबाईनं दुसरा भरून मांगला वं. मंग तेवढे टाके उसवून पाहिले, कसे घातले ते. तुले पत्रात इचारलं असतं तर घरच्यांनीच वाचलं असतं."

तिनं भरलेला आतल्या खोलीत होता. एकपदरी दोरा, आडव्या रेघा, हिरव्याच्या पोटात हिरवा. हात माझ्यासारखाच बसला होता. वर दोन डोंगर होते, आणि मधून सूर्य.