अर्धं पान कोरं

धरणात गाव गेलं आणि आमची घरं माळावर, पत्र्याच्या रांगांत आली. शाळा आणि दवाखाना मागून येणार होते. आधी उभं राहिलं ते समाजमंदिर: एक खोली, पुढं ओटा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. किल्ली माझ्या चुलतीकडं असायची. सकाळी तिथं बालवाडी भरे. दुपारी चुलतीच्या दोन शिलाई मशिनींवर वसाहतीतल्या बायका झबली शिवत. संध्याकाळी म्हातारे ओट्यावर बसत, तेही जुन्या गल्लीत ज्याचं घर ज्याच्या शेजारी होतं त्याच क्रमानं. एखादा वारला की त्याची जागा काही दिवस मोकळी राही.

मी तेव्हा जालन्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. लिहिता माणूस म्हणून ग्रामसभेचं रजिस्टर माझ्याकडं येई. आमची पद्धत अशी होती, की सह्या-अंगठे आधी घ्यायचे आणि ठराव मागून, सवडीनं लिहायचा. त्यासाठी वरचं अर्धं पान कोरं सोडत. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

सरपंच माझे मावसभाऊ. विषय पाण्याच्या टाकीचा आहे, असं त्यांनी सांगितलं. मी रजिस्टर घेऊन घरोघर फिरलो. चुलती समाजमंदिरात मशिनीवर होती.

"कशाचा अंगठा रे?"

"टाकीचा, काकू."

"मागं बी टाकीलाच दिल्ता. ती टाकी कुठं गेली, धरणात?"

बायका हसल्या. चुलतीनं शाईत अंगठा बुडवला. "तू आणलंय म्हणून. न्हाईतर बिलकुल दिला नसता."

सह्या झाल्यावर रजिस्टर मी सरपंचांकडं दिलं. पंधरा दिवसांनी समाजमंदिराला नवं कुलूप होतं. मशिनी ओट्यावर काढून ठेवलेल्या, आत खताची पोती. मी ठरावाची नक्कल काढली. इमारत वापरात नसल्यानं ती सरपंचांच्या संस्थेला गोदामासाठी देण्यास सर्वांची संमती आहे, असं कोऱ्या अर्ध्या पानावर लिहिलेलं होतं. खाली पहिलाच अंगठा चुलतीचा.

सरपंचांना विचारलं. ते म्हणाले, "सह्या तूच आणल्या ना? मंग बराबरच असतील."

मी बातमी दिली. ठरावाचा मजकूर, कुलूप, पोती, सगळं त्यात होतं. सह्या कोणी गोळा केल्या, ते वाक्य लिहून मी खोडलं. बातमी आतल्या पानावर आली. गोदाम तसंच राहिलं.

चुलतीनं बातमी शेजारच्या सुनेकडून वाचून घेतली. मला एवढंच म्हणाली, "अंगठे घ्यायला कोण आल्ता, ते न्हाई छापलं?"

दोनेक वर्षांनी घराच्या प्लॉटचे कागद आले. तिचा कागद घेऊन मीच गेलो. तिनं मशीन थांबवली.

"वाच."

मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. कुठं कोरी जागा नाही, हेही दाखवलं. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घेते."